मिटल्या तोंडाचा विरोळा

‘मंडळाच्या तलावात अतिविषारी सर्प शिरल्यामुळे सभासदांच्या जिवाला निर्माण झालेला धोका माननीय सचिवांनी जिवावर उदार होऊन, स्वतः पाण्यात उडी घेऊन व सर्पास एका घावात ठार करून दूर केला. सदर सर्प आत शिरण्यास पोहणे शिकवणाऱ्या बाईंचा हलगर्जीपणा सर्वस्वी कारणीभूत आहे.’

जलतरण मंडळाच्या प्रवेशदालनात, चषकांच्या कपाटाशेजारी, हे निवेदन काचेच्या चौकटीत लावलेले होते. वाक्ये दोनच, पण सत्य टाळण्यासाठी लिहिणाऱ्याने घेतलेले कष्ट पाहता त्याला आळशी म्हणता येणार नाही. ‘सभासदांच्या जिवाला’ या शब्दांपासून सुरुवात करू. सचिवांनी उडी घेतली तेव्हा तलावात एकही सभासद नव्हता. साप दिसताच बाईंनी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढले होते, डोकी मोजली होती आणि मग, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्या खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे पाण्यात धोक्यात असलेला जीव एकच होता, आणि तो सापाचा. ‘एका घावात’ हे त्यापुढचे. सापाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत घावाची खूण नव्हती. हे मी ऐकीव सांगत नाही. साप त्याच कपाटात बरणीत घालून ठेवलेला होता आणि येणारा-जाणारा कोणीही तो पाहू शकत होता. ‘सर्वस्वी’ हा शब्द दोष वाटून घ्यायला दुसरे कोणी पुढे येऊ नये म्हणून वापरतात. राहिला ‘अतिविषारी’. विषाला ‘अति’ हे विशेषण लावणाऱ्याने निदान दोन विषांची तुलना केली असावी अशी अपेक्षा असते. या सापाच्या बाबतीत एकाही विषाचा पत्ता लागत नाही. दोन्ही वाक्ये चाळून झाल्यावर निर्विवाद खरा असा एकच शब्द हाती उरतो: ‘पाण्यात’. पाणी होते.

साप होता विरोळा. कोणी त्याला दिवडही म्हणतात. तळे, डबके, ओढा, गटार, जिथे बेडूक तिथे तो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, आणि डोळ्याखालून व डोळ्यामागून ओठाकडे तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा. कोणी टाक झटकावा आणि शाई ओघळावी तशा. विष नाही. ही उणीव तो स्वभावाने भरून काढतो. डिवचले की मान चपटी करतो, फुत्कारतो, झेप घेतो, चावतो, आणि चावलेल्या जागी रक्त चांगले भळभळते. पण त्यापुढे काही होत नाही. जखम धुवावी, वेळेवर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, आणि आपल्या कामाला लागावे. या प्रकरणात त्याची बाजू मांडणारे कोणी नव्हते म्हणून इतके सांगणे भाग पडले.

निवेदन केवळ भिंतीच्या शोभेसाठी असते तर मीही इतरांसारखा त्याच्याकडे पाहून पुढे गेलो असतो. परंतु मंडळाच्या नियमावलीत एक कलम आहे: ज्याच्या हलगर्जीपणामुळे सभासदांच्या जिवाला धोका पोहोचेल त्याला चौकशीअंती कमी करता येते, आणि नोकरीबरोबर राहण्याची जागाही जाते. बाईंची जागा म्हणजे गाळणयंत्राच्या खोलीमागच्या दोन खोल्या. तिथे त्या आपल्या आईबरोबर राहत. आईचे पाय कधीच गेलेले. ती चाकांच्या खुर्चीत असे. त्या खोल्यांना भिंतींना ओल होती, क्लोरिनचा वास होता, यंत्राची घरघर दिवसभर होती. पण पायरी एकही नव्हती. दार उघडले की खुर्ची थेट तलावाच्या काठापर्यंत येई. दुपारी तलाव बंद असताना बाई आईला उचलून पाण्यात घेत, आणि जमिनीवर ज्या पायांनी कधीच राजीनामा दिला होता ते पाण्यात हलत, कधी कधी चालत. अशी दुसरी जागा त्या शहरात मिळणार नव्हती. साप विषारी ठरला की ही गेलीच.

चौकशीसाठी तज्ज्ञ म्हणून मला नेमले. मी शहराच्या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनाचा अभिरक्षक आहे. पण नेमणूक त्या कारणाने झाली असे मानण्याचा भोळेपणा माझ्यात नाही. सचिव माझे साडू. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. तज्ज्ञ घरचा असला की तो घरच्यासारखे वागतो, असा समितीचा अनुभव असावा.

इथे सचिवांचा मूळ धंदा सांगायला हवा, कारण सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरते. मंडळात त्यांना ‘सर्पवीर’ हे नाव नुकतेच पडले होते. आयुष्यभर मात्र ते ‘बरणीवाले’ म्हणून ओळखले गेले. शाळा-महाविद्यालयांना जीवशास्त्राच्या तासासाठी बरणीत घातलेले प्राणी पुरवायचे, हा त्यांचा व्यवसाय. बेडूक, विंचू, वटवाघळे, आणि साप. त्यांच्या हाताला तोड नव्हती. साप काचेच्या पट्टीला दोऱ्याने असा बांधत की दोरा शोधावा लागे. आमच्या संग्रहालयाची निम्मी फडताळे त्यांनीच भरली. त्या येण्या-जाण्यातच त्यांनी माझे स्थळ आपल्या सासरी सुचवले. ‘माणूस सापांत बसतो, पण गरीब आहे,’ असे त्यांनी सासऱ्यांना सांगितले म्हणे. म्हणजे माझ्या संसाराचे श्रेयही त्यांचेच, आणि याची आठवण मला कोणीतरी दर वर्षी करून देतेच.

मी पहिल्यांदा बरणी पाहायला गेलो तेव्हा ते कपाटासमोरच उभे होते, आणि रुमालाने काच पुसत होते.

‘या, या साडूबुवा! बघा तुमचं गिऱ्हाईक. थाट बघा कसा आहे!’

‘कोणता साप म्हणता हा?’

‘आता हे मी सांगायचं? तुम्ही तज्ज्ञ. मी आपला साधा दुकानदार.’

‘दुकानदारानं बरणीवर अतिविषारी लिहिलंय.’

‘ते लोकांसाठी हो. लोकांच्या नाव लक्षात राहत नाही, विष राहतं.’

‘मला विरोळा दिसतो.’

‘दिसणारच. फॉर्मालिनमध्ये रंग उतरतो, मग सगळेच भाऊबंद दिसतात.’ त्यांनी रुमालाची घडी केली. ‘हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कमालच झाली.’

‘बरणी उघडली तर खवले मोजून खात्री करता येईल.’

‘उघडा की! माझी काही हरकत नाही. फक्त कपाटातली वस्तू मंडळाची मालमत्ता, तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. आणि सभा आता निवडणूक झाल्यावरच.’

निवडणूक अध्यक्षपदाची होती. वृद्ध अध्यक्ष पायउतार होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर सचिवांची नजर होती. अध्यक्ष ज्याच्या पाठीवर हात ठेवतील तो निवडून येणार, हे तलावातल्या बेडकांनाही ठाऊक होते. म्हणूनच बरणीच्या वर एक छायाचित्र लावलेले होते. त्यात सचिव ओल्या सदऱ्यानिशी उभे, उजव्या मुठीत सापाची मान. शेजारी टॉवेल गुंडाळलेली अध्यक्षांची नात, पुढचे दात पडलेले, आनंदाने तोंड कानापर्यंत. तिने सापाची शेपटी धरली होती. किंवा नेमके बोलायचे तर शेपटीने तिला धरले होते: शेपटीचा मनगटाभोवती घट्ट विळखा होता. मेलेला साप मनगटाला विळखा घालत नाही. एका घावात ठार झालेला साप छायाचित्रापुरता उठला असावा, किंवा घाव छायाचित्रानंतर घातला असावा, आणि घाव तर अंगावर नव्हताच. तो कसा मेला हे मला बरणीकडे पाहून कळले. बरणीवाल्यांच्या धंद्यात सापाला मारत नाहीत, कारण मारले की नमुना खराब होतो. त्याला जिवंत बरणीत सोडतात आणि वर झाकण लावतात.

तिथून मी मागच्या खोल्यांत गेलो. बाई टॉवेल पिळत होत्या, आई खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. खिडकीतून पाण्याच्या एका कोपऱ्याखेरीज काही दिसत नव्हते.

‘तो कुठला साप ते मला नका विचारू,’ बाई म्हणाल्या. ‘मला साप म्हणजे साप. नुसती दोरी पडलेली दिसली तरी मी त्या खोलीत जात नाही. पोरांना बाहेर काढलं आणि खुर्चीवर चढले. त्यात काय लपवायचं?’

‘आणि तो आत आला कुठून?’

‘पाणी जातं त्या नळीची जाळी फाटलीये. आधी बेडूक यायला लागले. मी सचिवांना सांगितलं, जाळी बदला. चारचौघांत सांगितलं. दर वेळी एकच: बाई, तुम्ही पोहायला शिकवा, मला कारभार शिकवू नका.’

‘लेखी दिलंत का कधी?’

‘जाळी फाटलीये हे लिहून द्यायचं? उद्या पाणी ओलं आहे हेसुद्धा लिहून द्यावं लागेल.’

‘हिला भांडता येत नाही हो,’ आई खिडकीकडे पाहतच म्हणाली. ‘पाण्यात वाघ. बाहेर आली की मांजर.’

‘आई, तू गप गं.’

‘गप कशाला? पाय गेलेत, तोंड आहे अजून.’ मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. ‘तुम्ही त्यांचे साडू ना? मग काय लिहिणार ते दिसतंच आहे. एक करा, जे काय लिहायचं ते लवकर लिहा. पावसापाण्याचे दिवस यायच्या आत ही पोर खोली शोधेल कुठेतरी. वरच्या मजल्यावरची.’

‘वरच्या मजल्यावरची’ हे तिने जराही आवाज न चढवता म्हटले.

घरी आल्यावर बायकोने चहा पुढे ठेवला. तिच्या बहिणीचा फोन येऊन गेला होता; तो येऊन गेला की कपाखाली बशी असते.

‘तुम्हाला काय लिहायचं ते लिहा,’ ती म्हणाली. आमच्या घरात हे वाक्य परवानगी म्हणून वापरले जात नाही.

‘साप विरोळा आहे.’

‘असेल. पण भाऊजींच्या उमेदीचा प्रश्न आहे. आयुष्यभर बरण्या भरल्या, आता कुठे लोक मान देतायत. ताई म्हणत होती, आता ते घरीसुद्धा हळू बोलतात, पुढाऱ्यासारखे.’

‘आणि त्या बाईंच्या आईचं काय?’

बायकोने कपाखालची बशी सरळ केली. ती त्या तलावात पोहायला शिकली होती. पाण्याची भीती गेली ती त्याच बाईंमुळे. मग म्हणाली, ‘म्हातारीला अजून पाण्यात घेतात का?’

‘रोज दुपारी.’

‘मग लिहा,’ ती म्हणाली, आणि बशी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात त्यांच्या बरण्या बाहेर काढल्या. उगाच. शास्त्रीय गरज नव्हती. विरोळा ओळखायला मला दुसरा विरोळा लागत नाही. पण त्यांच्या हातचे नमुने ओळीने मांडल्यावर जे दिसले ते मी इतकी वर्षे धूळ पुसूनही पाहिले नव्हते. नागाचे तोंड उघडे. घोणशीचे उघडे. मण्याराचे उघडे. प्रत्येकाच्या जबड्यात बुचाचा छोटा तुकडा बसवलेला, म्हणजे विद्यार्थ्याला विषदंत दिसावेत. बिनविषारी सापांची तोंडे मात्र मिटलेली, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नाही. धामण मिटलेली. नानेटी मिटलेली. आणि विरोळे: मिटलेले, शिवाय प्रत्येकाचे डोके जरासे डावीकडे वळवलेले, डोळ्याजवळच्या दोन्ही रेघा काचेकडे येतील असे. परीक्षेत विरोळा त्या रेघांवरून ओळखायचा असतो. बरणीवाले मुलांना पास व्हायला मदत करत.

मंडळाच्या कपाटातल्या सापाचे तोंड मिटलेले होते, आणि डोके डावीकडे वळवलेले होते.

तो खोटे बोलण्यासाठी बरणीत घातला होता आणि खरे सांगण्याच्या सवयीने बांधला होता. डोक्याने ‘अतिविषारी’ लिहिले; हातांना कोणी सांगितले नाही. ज्या माणसाने एकही बेडूक वाकडा बांधला नाही त्याला आयुष्यातला सर्वांत मोठा लबाड नमुनासुद्धा वाकडा बांधता आला नाही. याबद्दल मला त्यांच्याविषयी क्षणभर आदर वाटला, हे नोंदवून ठेवतो. पुढे तो उपयोगी पडला नाही.

सुनावणी तलावावरच्या बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, पांढरी चादर, त्यावर मध्यभागी बरणी आणि भिंतीवरून उतरवून आणलेले छायाचित्र. अध्यक्षांना एकाच कानाने ऐकू येई. तो कान सचिवांच्या बाजूला होता. बसण्याची व्यवस्था सचिवांनी केली होती. बाई दाराजवळच्या खुर्चीवर, गळ्यात शिट्टी तशीच.

मी सरळ विचारले, ‘या सापाचं तोंड मिटलेलं का आहे?’

‘म्हणजे?’

‘विषारी सापाचं तोंड तुम्ही उघडं ठेवता. जबड्यात बूच घालून. आमच्याकडे तुमचे सगळे नाग, सगळ्या घोणशी तोंड वासून आहेत.’

‘घाई होती हो. सभासद ताटकळले होते. बूच कुठून आणणार?’

‘घाईत डोकं मात्र बरोबर डावीकडे वळलं. डोळ्याजवळच्या रेघा काचेला लावल्यासारख्या.’

‘कसल्या रेघा?’ अध्यक्षांनी विचारले.

‘काही नाही साहेब, बारकावे आहेत,’ सचिव त्यांच्या कानाशी वाकले. ‘आमचे साडू पुस्तकी आहेत. मी हजारो साप हाताळलेत. दोन जाणकार म्हटलं की मतभेद आलेच.’

‘बरोबर. दोन जाणकार, दोन मतं.’ अध्यक्ष समाधानाने मागे टेकले. भांडण मिटवण्यापेक्षा ते समान वाटून टाकणे त्यांना जन्मभर सोपे गेले होते. ‘मग निवेदन आहे तसं राहू द्या. बाईंना महिनाभराची मुदत द्या, काय? माणुसकी म्हणून.’

सचिवांनी मान डोलावली. ‘माणुसकी हवीच.’

बाईंनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. खाली पाण्यात मुलांचा गलका चालू होता.

रेघा, बूच, खवले, सगळी विद्या वाया गेली होती. ज्या सभेत ज्ञान हेही एक मत असते तिथे ते मागे घ्यावे हेच शहाणपणाचे. मी ते मागे घेतले.

‘ठीक आहे,’ मी म्हणालो. ‘माझी हरकत नाही. साप अतिविषारी होता असं धरून चालू. तसंच लिहितो.’

सचिवांचा चेहरा उजळला. ‘बघा! म्हणून घरचा माणूस लागतो.’

‘फक्त मग एक गोष्ट त्याला जोडून लिहावी लागेल. की तो अतिविषारी साप जिवंत असताना सचिवांनी अध्यक्षांच्या नातीच्या हातात दिला.’

अध्यक्षांनी खुर्ची वळवली. त्यांचा ऐकू येणारा कान त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे झाला.

‘काय म्हणालात?’

मी छायाचित्र त्यांच्यापुढे सरकवले. ‘शेपटी बघा. मनगटाला विळखा आहे.’

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि छायाचित्राची काच नाकाजवळ नेली. बराच वेळ ते तसेच पाहत राहिले. मग सचिवांना म्हणाले, ‘मेलेला होता ना रे? तू म्हणालास मेलेला होता.’

‘अर्धवट होता साहेब. शेवटची धडपड.’

‘अर्धवट मेलेला विषारी साप?’

‘तसं नाही साहेब...’

‘हा फोटो माझ्या घरात बैठकीच्या खोलीत लावलाय! हिच्या आईनं सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय!’ अध्यक्षांचा हात टेबलावर आपटला आणि बरणीतला साप हलकेच डोलला. ‘माझ्या नातीच्या हातात तू विषारी साप दिलास? आणि वर दात काढून उभा आहेस शेजारी?’

‘मी तिला बाकावर बसवलं होतं,’ दाराजवळून बाई म्हणाल्या. ‘टॉवेलात गुंडाळून. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. यांनी हाक मारली म्हणून गेली ती. मी ओरडलेसुद्धा. मला म्हणाले, बाई, खुर्चीवरून खाली उतरा आधी, मग ओरडा.’

‘खरं आहे का हे?’

सचिवांनी रुमाल काढला आणि बरणीची काच पुसायला घेतली.

‘ते कलम काढा!’ अध्यक्ष माझ्यावर खेकसले. कलम माझेच असल्यासारखे. ‘हलगर्जीपणाचं. सभासदांच्या जिवाला धोका. काढून टाकायचं, असंच आहे ना त्यात? पदाधिकाऱ्यांनाही लागू आहे ना ते?’

‘सर्वांना लागू आहे,’ मी म्हणालो.

सचिवांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात माझे लग्न होते, थोरलीचा फोन होता, फडताळांतल्या सगळ्या बरण्या होत्या. मग त्यांनी बरणीकडे पाहिले, आणि बरणीकडून छायाचित्राकडे. एकीकडे वीर आणि दुसरीकडे गुन्हेगार, आणि दोघांचा सदरा एकच, ओला. साप विषारी तर ते मुलीच्या जिवाशी खेळलेले. बिनविषारी तर त्यांनी तळ्यातल्या गरीब प्राण्याला बरणीत बुडवून त्यावर मिरवणूक काढलेली. ‘अतिविषारी’ हा शब्द त्यांनी दुसऱ्याला घर सोडायला लावण्यासाठी भिंतीवर लावला होता. आता तो टेबलावर होता आणि त्यांच्याकडे तोंड करून.

माणूस अशा वेळी काय निवडतो हे ठरलेलेच असते. सन्मान गेला तर पुन्हा मिळवता येतो, अशी आशा तरी असते; अध्यक्ष उखडला की सगळेच संपते. सचिव बोलले. खोलीतल्या सर्वांनी ऐकले. अध्यक्षांनी तर चांगल्या कानाने ऐकले.

पुढचे आधी उरकतो. निवेदन भिंतीवरून उतरले. तिथे चौकटीच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला आहे. सचिवांना कोणी काढले नाही, कारण बिनविषारी साप मुलीच्या हाती देणे हा गुन्हा होत नाही. अध्यक्षपदाचा अर्ज मात्र त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन मागे घेतला. छायाचित्र नातीच्या घरी अजून आहे. ते काढायला ती देत नाही. सापाची भीती तिला तेव्हाही नव्हती, आणि खोटे कोणी बोलले हे तिला कोणी सांगितलेले नाही. बरणी संग्रहालयाला भेट म्हणून आली. मी चिठ्ठी बदलून ती इतर विरोळ्यांच्या रांगेत ठेवली. आत ठेवण्याआधी नियमाप्रमाणे तपासले, आणि तोंड, मान, दोरा यांत कुठेही हात लावावा लागला नाही. काम चोख होते.

नळीला नवी जाळी बसली. दुपारी तलाव बंद असतो तेव्हा बाई आईला पाण्यात घेतात. एकदा मी तिथून जात होतो तर म्हातारी काठाला धरून पाय मारत होती आणि मुलीला सांगत होती, ‘तो साडू आला बघ. बरा निघाला.’ इतके कौतुक मला कोणत्याही शोधनिबंधाने मिळवून दिलेले नाही.

थोरली आमच्याकडे येत नाही. फोन करते, मी उचलला की ‘धाकटीला द्या’ म्हणते.

अहवालात निष्कर्षाच्या जागी मी माझे एकही वाक्य घातले नाही. जाणकारांत मतभेद असू शकतात. तिथे सचिवांचे त्या दिवशीचे बोलणे उतरवले आहे, अध्यक्षांसमोर आणि बाईंसमोर केलेले, जसेच्या तसे:

‘अहो, विरोळा होता तो, साहेब! साधा विरोळा! अख्खं आयुष्य मी हेच बरण्यांत भरत आलोय, मला कळत नाही होय? विषारी असता तर तुमच्या नातीच्या हातात शेपटी दिली असती का मी? तिचं सोडा. विषारी असता तर मी मुळात पाण्यात तरी उतरलो असतो का?’